दुधाची दाढ : भरावी, झाकावी की काढावी?

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी, दुपारची गर्दी ओसरल्यावर, एक आजी आपल्या पाच वर्षांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलीचे वडीलही बरोबर होते, पण ते आत आलेच नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मी म्हटले, "या ना, बसा." तर म्हणाले, "नको डॉक्टर, मी इथंच बरा आहे. तुम्ही ओळखलं नसेल मला. १९९७ साली तुम्हीच माझी दाढ काढली होती. आठ वर्षांचा होतो मी."

मी खरोखरच ओळखले नव्हते. पण त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मला तो दिवस आठवला. दवाखाना सुरू करून जेमतेम दोन वर्षे झाली होती. बाजारामुळे बाहेरची बाकडी भरलेली. मुलाचा गाल सुजलेला, रात्रभर रडून डोळे लाल झालेले. मी इंजेक्शन दिले आणि ते लागू पडले की नाही हे नीट न पाहताच पक्कड हातात घेतली. कंपाउंडरने हात धरले, वडिलांनी पाय धरले, आणि "काही दुखत नाही, काही दुखत नाही" असे म्हणत मी दाढ काढली. दुखणे थांबले, आईवडील समाधानाने घरी गेले. मीही काम चांगले झाले अशाच समजुतीत होतो. त्यानंतर त्या मुलाने आजवर एकाही दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत पाऊल ठेवलेले नाही. ते बोलत असताना त्यांच्या दाढांची काय दशा झाली आहे हे मला लांबूनही दिसत होते.

आजींचे म्हणणे सरळ होते. "दुधाचेच दात आहेत. पडणारच आहेत. काढून टाका एकदाचे." आणि दारातून वडील म्हणाले, "काय करायचं ते करा, पण तिला माझ्यासारखं दुखू देऊ नका."

ही दोन्ही वाक्ये मी जवळजवळ रोज ऐकतो, आणि बहुतेक वेळा एकाच घरातल्या माणसांकडून. दाताचे काय करायचे हा एक प्रश्न आणि मुलाला दुखू नये म्हणून काय करायचे हा दुसरा, असे पालक समजतात. बरेच डॉक्टरही तसेच समजतात. मी स्वतः कित्येक वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात उपचार निवडतानाच दुखण्याचा हिशेब मांडावा लागतो. आजच्या लेखात तोच हिशेब पालकांपुढे मांडतो आहे.

पडणारच आहे, मग कशाला?

दुधाचे दात एकूण वीस. त्यातले समोरचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात आणि ते पडताना सर्वांना दिसतात. त्यामुळे सगळेच दुधाचे दात सातव्या-आठव्या वर्षी जातात अशी समजूत झाली आहे. मागच्या दुधाच्या दाढा मात्र साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे त्या पाच वर्षांच्या मुलीच्या दाढेला अजून पाच-सहा वर्षे भाकरी चावायची आहे.

दुसरी गोष्ट जागेची. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. ती कुठल्याही दाताला पाडून येत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही. ही कायमची दाढ असते. दहा वर्षांच्या मुलाची ही दाढ पार पोखरलेली दाखवून "दुधाचीच आहे ना, पडेल की" असे सांगणारे पालक मला दर महिन्याला भेटतात. तर पुढची दुधाची दाढ वेळेआधी काढली की ही नवी दाढ रिकाम्या जागेत पुढे सरकते आणि खाली जबड्यात तयार होत असलेल्या दाताची वाट अडवते. पुढे वेड्यावाकड्या दातांसाठी तारा बांधाव्या लागतात तेव्हा त्याचे मूळ कधीकधी या घाईत सापडते.

आणि दुधाच्या दाताची कीड वाट पाहत नाही. या दाताचे वरचे कठीण आवरण कायमच्या दातापेक्षा पातळ असते आणि आतली नस, म्हणजे दाताचा जिवंत गाभा, दाताच्या मानाने मोठी व पृष्ठभागाच्या जवळ असते. त्यामुळे कीड लवकर नसेपर्यंत पोहोचते. दिवाळीत बारीक काळा ठिपका दिसला होता आणि शाळा सुरू होताना गाल सुजला, असे होऊ शकते.

दुखण्याची भाषा

खुर्चीत बसवण्याआधी मी मुलाला नव्हे, आईला किंवा आजीला प्रश्न विचारतो. दुखते कधी? गोड किंवा गार लागल्यावर कळ येते आणि ते तोंडातून गेले की थांबते काय? मग नस अजून जिवंत आहे आणि सावरण्याची शक्यता आहे. काहीही न खाता आपोआप ठणकते, रात्री झोपेतून उठवते, बराच वेळ थांबत नाही? मग नस बिघडली आहे आणि ती मूळपदावर येणार नाही. आठवडाभर दुखले, मग एक दिवस आपोआप थांबले आणि आता हिरडीवर बारीक पुळी आहे? पालक इथे "बरं झालं" म्हणून निश्चिंत होतात. नस मेली म्हणून दुखणे थांबले आहे, आणि मुळाशी साचलेला पू त्या पुळीतून वाट काढतो आहे.

लहान मुले दुखते असे नेहमी सांगतही नाहीत. एकाच बाजूने चावणे, भाकरी टाकून दूधभात मागणे, ब्रश एका बाजूला लावू न देणे, झोपेत गालाखाली हात घेणे, या खुणा आईच्या लक्षात येतात, आमच्या येत नाहीत. या उत्तरांबरोबर एक छोटा एक्स-रे काढला की कीड आणि नस यांच्यामध्ये किती अंतर उरले आहे ते कळते. उपचार कोणता करायचा हे या अंतरावर बरेचसे ठरते.

नस शाबूत असेल तर

आम्ही शिकत होतो तेव्हा एकच रीत होती. बधिर करा, मशीनने सगळी कीड कोरून काढा, चांदी भरा. चांदी म्हणजे पाऱ्याचे मिश्रण. पाऱ्याच्या वापरासंबंधीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२२ मध्ये ठरवल्यानुसार पंधरा वर्षांखालील मुलांच्या दातांत आणि दुधाच्या दातांत, डॉक्टरांना अगदी आवश्यक वाटल्याखेरीज, ती आता भरायची नाही. भारत या करारात आहे. तेव्हा पूर्वी भरलेली चांदी पाहून कोणी घाबरू नये. पण नवी भरताना लहान मुलांसाठी सिमेंट किंवा दाताच्या रंगाचे मटेरियल मागावे.

आज मशीन न लावता करण्याजोगे तीन उपचार आहेत. त्यांपैकी कोणत्याही उपचारात सहसा सुई लागत नाही.

पहिला म्हणजे चांदी आणि फ्लोराइड असलेले एक द्रावण, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. जपानमध्ये ते १९७०च्या सुमारापासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. दात कापसाने कोरडा करायचा, किडलेल्या जागी बारीक ब्रशने थेंबभर लावायचे, मिनिटभर थांबायचे. कीड तिथेच थांबून कडक होण्याची चांगली शक्यता असते. वर्षातून दोनदा लावले तर परिणाम अधिक टिकतो. दोष एकच आणि तो लपवण्यासारखा नाही: किडलेला भाग कायमचा काळा पडतो. आमच्या आजींनी हे ऐकताच हात जोडले. "पोरीचा दात काळा कशाला करताय?" समोरच्या दातांसाठी हा आक्षेप मला पटतो. मागच्या दाढेसाठी पटत नाही, कारण तिथे कोण पाहणार आहे? शिवाय काळा रंग म्हणजे कीड थांबल्याची खूण आहे. चांदीची ॲलर्जी असलेल्या मुलाला मात्र हे लावत नाहीत, आणि नस दुखावलेल्या दातावर याचा काही उपयोग नाही.

दुसरा उपचार हाताच्या हत्यारांनी मऊ कीड खरवडून काढण्याचा. मशीन नाही, पाण्याचा फवारा नाही, तो कर्कश आवाज नाही. खड्ड्यात फ्लोराइड सोडणारे ग्लास आयनोमर सिमेंट बोटाने दाबून भरतात. १९८०च्या दशकाच्या मध्यात टांझानियात, जिथे दवाखान्यात वीजच नव्हती, तिथे ही पद्धत आकाराला आली. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात ही पद्धत मला फार उपयोगी पडली, हे जाता जाता सांगतो. एका बाजूचा छोटा खड्डा असेल तर हे सिमेंट चांगले टिकते. दोन दाढांच्या मधली कीड असेल तर मात्र लवकर निघते. पालकांना मी हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे सहा महिन्यांनी "तुमचं सिमेंट पडलं" म्हणून भांडण नको.

तिसरा उपचार मला सर्वांत आवडतो, आणि पालकांना पटवायला सर्वांत अवघड जातो. यात कीड काढतच नाहीत! दाढेवर तयार मिळणारी स्टीलची कॅप सिमेंटने भरून घट्ट बसवतात. आत अडकलेल्या जंतूंना बाहेरून साखर मिळेनाशी होते आणि किडीची वाढ थंडावते. स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या महिला दंतवैद्य हे वर्षानुवर्षे करत होत्या, म्हणून या पद्धतीला त्यांचे नाव आहे. पुढे डंडी येथील तज्ज्ञांनी याची रीतसर तुलना केली. एकाच मुलाच्या तोंडात एका दाढेवर हॉल कॅप आणि दुसऱ्या दाढेत नेहमीसारखे भरणे. पाच वर्षांनी ९१ मुलांचा हिशेब मिळाला. नेहमीसारख्या भरलेल्या १५ दाढांत नस बिघडणे, गळू होणे असा मोठा घोटाळा झाला होता. कॅप बसवलेल्या फक्त ३ दाढांत झाला होता.

कॅप बसवताना कधीकधी चार-पाच दिवस आधी दोन दाढांमध्ये छोटे रबर घालून जागा करावी लागते. कॅप बसल्यावर मुलाचे दात काही दिवस नीट मिटत नाहीत, "जड वाटतं" म्हणून ते तक्रार करते. काही आठवड्यांत चावा जुळून येतो. रात्री ठणकणाऱ्या किंवा पुळी असलेल्या दाढेवर मात्र ही कॅप अशी बसवणे म्हणजे पू आत कोंडणे होय. म्हणून आधी प्रश्न, मग एक्स-रे, मग कॅप.

मग यातले सर्वांत चांगले कोणते? याच प्रश्नासाठी इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तीन ते सात वर्षे वयाच्या ११४४ मुलांची मोठी पाहणी झाली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटात सुई, मशीन आणि भरणे. दुसऱ्यात कीड आत झाकून टाकणे. तिसऱ्यात दातांना हातच न लावता फक्त ब्रश, फ्लोराइड आणि खाण्याची शिस्त. सुमारे तीन वर्षांत दातदुखी किंवा पू झालेली मुले पहिल्या गटात शंभरात ४२, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात ४५. म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही.

काही पालक यावरून "मग काहीच करायला नको" असा अर्थ काढतील. मी तसा काढत नाही. एकदा कीड लागलेल्या मुलांपैकी शंभरात चाळीस मुलांना कुठल्याही गटात दुखलेच, हे मला त्यात आधी दिसते. आणि दुसरे असे की, निकाल इतके जवळ असतील तर मूल ज्या उपचाराला शांतपणे बसू शकेल तो उपचार निवडण्याची मला मोकळीक मिळते. पाच वर्षांच्या मुलीला दाबून धरून केलेले सुबक फिलिंग आणि हसतखेळत लावलेले काळे औषध यांत मी आज दुसरे निवडेन.

नस बिघडली असेल तर

इथे मात्र पर्याय कमी होतात आणि सुई टळत नाही. कीड नसेपर्यंत नुकतीच पोहोचली असेल, तर नसेचा वरचा भाग काढून मुळांतला निरोगी भाग औषधाखाली झाकतात. पूर्वी यासाठी फॉर्मोक्रेसॉल हे फॉर्मेलिनच्या जातीचे औषध वापरत. आता एमटीए नावाचे सिमेंटसारखे औषध मिळते. महाग आहे, पण मला तेच योग्य वाटते. नस मुळापर्यंत बिघडली असेल तर दुधाच्या दाढेचे रूट कॅनाल. मोठ्या माणसांच्या रूट कॅनालपेक्षा हे वेगळे असते, कारण मुळात भरलेले औषध पुढे दुधाच्या मुळाबरोबर विरघळून जायला हवे, नाहीतर खालच्या दाताला अडथळा होईल. दोन्ही कामांनंतर कॅप लागतेच. कॅपचे पैसे वाचवले की दाढ फुटते आणि आधीचे पैसेही जातात.

आणि दाढ काढणे? तेही कधीकधी योग्यच असते. मुळे विरघळली असतील, पू हाडात पसरला असेल, दाढ पडायला वर्षभरच उरले असेल, तर मी काढतो. लवकर काढावी लागली तर जागा राखणारी पट्टी-तार बसवायची की नाही, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवावे.

सुई, आणि सुईची भीती

दात बधिर करण्यासाठी आज सर्वाधिक वापरले जाणारे औषध लिग्नोकेन. स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये ते तयार केले आणि १९४८ पासून ते बाजारात आहे. औषध उत्तम आहे. जे बिघडते ते देण्याच्या रीतीत बिघडते.

हिरडी कोरडी करून बधिर करणारी जेली एक-दोन मिनिटे लावून ठेवली तर सुई टोचल्याचे फारसे कळत नाही. त्यानंतरची जळजळ असते ती औषध जोराने ढकलल्याची. एक मिलिलिटर औषध द्यायला मिनिटभर लावले तर मूल बहुतेक वेळा रडत नाही. मग थांबायचे. पाच मिनिटे, गरज पडली तर दहा. ओठ जाड झाल्यासारखा वाटतो का विचारायचे, हिरडीला हत्यार लावून पाहायचे, आणि मगच पुढे जायचे. सुजलेल्या, पू झालेल्या जागी शरीर आम्लधर्मी झालेले असते. तिथे हे औषध नसेत नीट शिरत नाही आणि बधिरपणा अर्धवट येतो. अशा वेळी सुजेपासून लांब मुख्य नसेजवळ इंजेक्शन द्यावे लागते, किंवा आधी पू काढून दोन-चार दिवस थांबावे लागते. १९९७ मध्ये हे मला माहीत नव्हते असे नाही. बाहेर बाकडी भरलेली होती, एवढेच.

औषधाला वजनाची मर्यादा असते. साधारण दर किलोला ४.४ मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचे जेमतेम सव्वातीन मिलिलिटर. म्हणून "एकाच दिवशी चारही बाजूंचं उरकून टाका" असा आग्रह धरू नये. आणि बधिरपणा दोन-तीन तास टिकतो. तेवढा वेळ मुलाला काही चावायला देऊ नये. बधिर ओठ गंमत म्हणून चावल्याने दुसऱ्या दिवशी तो सुजतो, पांढरा पडतो आणि "इंजेक्शन पिकलं" म्हणून पालक धावत येतात.

आता पालकांचे काम. "दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील हं," हे वाक्य आजपासून घरात बंद करावे. तसेच "काहीही दुखणार नाही" असे वचनही देऊ नये, कारण ते मोडले की मूल पुन्हा तुमच्यावर आणि माझ्यावर विश्वास ठेवत नाही. मी स्वतः "थोडं चिमटा काढल्यासारखं वाटेल, मग ओठ झोपेल" असे सांगतो. आधी सांगायचे, मग हत्यार हातावर किंवा नखावर लावून दाखवायचे, मग करायचे, ही पद्धत अमेरिकेत १९५९ मध्ये मांडली गेली. तिच्यापेक्षा चांगली मला अजून सापडलेली नाही. शिवाय मुलाला सांगायचे: दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबेन. आणि हात वर झाला की खरोखर थांबायचे.

हास्यवायू आणि पूर्ण भूल

काही मुले एवढे करूनही बसत नाहीत. त्यांच्यासाठी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हास्यवायू. १८४४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्डच्या हॉरेस वेल्स या दंतवैद्याने हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढच्या वर्षी बोस्टनला विद्यार्थ्यांसमोर प्रयोग करताना वायूची पिशवी लवकर काढली गेली, रुग्ण ओरडला आणि वेल्सची हुर्यो झाली. वायू चांगला होता, थांबायला हवे होते तेवढे कोणी थांबले नाही. आज तो ऑक्सिजनबरोबर मोजून नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. मूल जागे असते, बोलते, फक्त भीती कमी होते. काम झाल्यावर पाचेक मिनिटे नुसता ऑक्सिजन दिला की त्याचा अंमल उतरतो. सर्दीने नाक चोंदलेले असेल तर उपयोग नाही, आणि बधिर करण्याचे इंजेक्शन यामुळे टळत नाही. ते सोसवते इतकेच.

तीन वर्षांच्या बाळाचे आठ-दहा दात किडले असतील, किंवा मूल मतिमंद असेल, तर भूलतज्ज्ञांकडून पूर्ण भूल देऊन सर्व काम एकाच वेळी करणे शहाणपणाचे असते. पण ते ऑपरेशन थिएटरमध्येच. आदल्या सहा तासांत अन्न नाही, ही सूचना आजीने प्रेमाने दिलेल्या अर्ध्या बिस्किटालाही लागू आहे; पोटातले अन्न श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला आहे. एकदाच दिलेल्या थोड्या वेळाच्या भुलेने बुद्धीवर परिणाम झाल्याचे पाहणीत दिसलेले नाही. ऑक्सिजन व नाडी मोजण्याचे यंत्र नसलेल्या साध्या दवाखान्यात कोणी गुंगीचे औषध पाजून दात काढू म्हणत असेल, तर मुलाला उचलून घरी आणावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत लहान मुलांचे स्वतंत्र विभाग आहेत.

रात्री अकरा वाजता

दात नेहमी रात्रीच ठणकतो. अशा वेळी पॅरासिटामॉल द्यावे, दर किलोला दहा ते पंधरा मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या मुलाला दीडशे ते सव्वादोनशे. सहा तासांपूर्वी पुन्हा देऊ नये. पण बाटली वाचा! पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचे आणि २५० मिलिग्रॅमचे अशी वेगवेगळी सिरपे मिळतात, आणि तान्ह्या बाळांचे थेंब त्याहून कितीतरी तीव्र असतात. आयबुप्रोफेनने सूज उतरते, पण ते डॉक्टरांना विचारून आणि खाल्ल्यावर. पावसाळ्यात ताप असेल, डेंग्यूची शंका असेल तर मुळीच नाही. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. घरात मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून देऊ नये. ॲस्पिरिनही नको. ती गोळी हिरडीत दाबून धरली तर हिरडी भाजते. लवंगतेलाचा बोळा मोठ्यांना चालतो, लहान मुलांची हिरडी व जीभ त्याने पोळते आणि पोटात गेले तर ते विषारी ठरते. मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखू. दुखऱ्या दाताला म्हणून मुलांना ती लावणाऱ्या आज्या अजून आहेत. बाजारात बियांची धुरी देऊन दातातले "किडे" काढून दाखवणारेही आहेत. ते किडे बियांतून येतात, दातातून नाही.

उरलेले अँटिबायोटिक तर देऊच नये. त्याने दातदुखी थांबत नाही. ते लागते सूज पसरली, ताप आला तर. आणि सूज डोळ्यापर्यंत चढली किंवा हनुवटीखाली उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

इथवर येऊच नये यासाठी एक सोय आपल्या दारात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेत येणारे पथक दातही तपासते. ते "दात किडला आहे" अशी चिठ्ठी देते. ती चिठ्ठी दप्तरातच राहते.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. वरच्या दोन दाढांना सुरुवातीची कीड होती. खालची उजवी दाढ गोड लागल्यावर दुखे, एक्स-रेमध्ये नस सुरक्षित दिसली. खालच्या डाव्या दाढेने चार रात्री तिला झोपू दिले नव्हते. तिचे रूट कॅनाल अटळ होते, कारण मागची सहा वर्षांची दाढ अजून आलेली नव्हती. सूज किंवा ताप नव्हता, म्हणून दोन दिवस थांबता आले. पहिल्या दिवशी मी फक्त दात मोजले, खुर्ची वरखाली करून दाखवली, वरच्या दाढांना काळे औषध लावले आणि रात्रीसाठी सिरप लिहून दिले. आजींनी मागच्या दाढेच्या काळेपणाला शेवटी परवानगी दिली.

दुसऱ्या खेपेला सकाळी पहिली वेळ दिली. जेली, सुई, मग दहा मिनिटे तिच्या अंगणवाडीतल्या बाईंच्या गोष्टी. काम चालू असताना तिने दोनदा डावा हात वर केला आणि मी दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा काहीच दुखत नव्हते; मी खरंच थांबतो का हे तिला पाहायचे होते. वडील दारातच उभे होते, पण या वेळी दाराच्या आतल्या बाजूला.

तिसऱ्या खेपेला डाव्या दाढेवर कॅप बसली आणि उजवीवर सुई न देता हॉलची कॅप. ती खुर्चीतून उतरली, तोंड उघडून वडिलांपुढे गेली आणि म्हणाली, "बाबा, चांदीचे दात." ते पाहायला ते आत आले आणि कंपाउंडरच्या स्टुलावर बसले. जाताना त्यांनी विचारले, "मोठ्या माणसाला पण हात वर करता येतो का?"

त्यांना येत्या गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ दिली आहे. तेव्हा बाहेरची बाकडी रिकामी असतात.